गोठ्यातला पियानो आणि झुंबरबाईची पात

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक गोठा दिसतो. छताच्या पत्र्याला मोठाली भोकं पडलेली, आणि त्यांतून दुपारच्या उन्हाचे झोत नेमके मधोमध उतरलेले. असा प्रकाश आमच्या नाटक मंडळीच्या लाइटवाल्याला जन्मात जमला नाही. डाव्या विंगेत कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुशाचा ढीग. उजव्या विंगेत एक म्हैस. तिला या प्रवेशात काम नाही, पण ती जागा सोडायला तयार नाही. आणि झोताच्या मध्यभागी, पॉलिश उडालेला, काळा, उभा पियानो. समोर स्टुलावर आपल्याकडे पाठ करून बसलेला, बंडी आणि पायजमा घातलेला गृहस्थ म्हणजे दयाराम. गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा.

दयाराम भाजीपाला लावतो, मिरची तोडतो, नांदुऱ्याच्या बाजारात नेऊन विकतो. उरलेल्या वेळात तो चेंबर म्युझिक लिहितो.

हे वाचून हसू नका. मी हसले होते, आणि नंतर गोठ्यात बारदान्यावर बसून ते संगीत ऐकताना हसायचं विसरले.

दयाराम मला मिळाला तो आमच्या मंडळीत. मिसरूड फुटलेलं पोरगं, पायपेटी वाजवायला आलं. मी पदाला उभी राहिले की माझा श्वास कुठे संपणार हे त्याला माझ्याआधी कळायचं, आणि तिथे तो अलगद सूर सरकवून ठेवायचा, जसं थकलेल्या माणसाच्या मागे कुणी खुर्ची सरकवावी. मंडळी बंद पडली. आम्ही सगळे पांगलो. दयाराम नागपूरला गेला, एका हॉटेलात पियानो वाजवू लागला. तिथे चर्चच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं. पुढे हॉटेलवाल्यांना पियानोच्या जागी मोठा टीव्ही लावायचा होता. मालक म्हणाला, "दयाराम, नेतोस का हा?" दयारामने मिरचीचा रिकामा टेम्पो परत जाताना गाठला आणि पियानो घेऊन गावी आला.

गाव पाहायला लोटलं. झुंबरबाई, म्हणजे दयारामची आई, पियानोभोवती एक चक्कर मारून आली.

"कपाट आणलं का रे? मंग कप्पे कोठी हायेत?"

"माय, हे वाजवाचं हाये."

"एवढं मोठं? मंग गोठ्यात ठेव. घरात आपन कोठी राहाचं?"

तेव्हापासून पियानो गोठ्यात. वाळवीसाठी पायांखाली फरशीचे तुकडे, उंदरांसाठी पोटात कडुलिंबाचा पाला. दयाराम म्हणतो, पाला वाळला की सूर जरा खुलतो. खरं-खोटं म्हैस जाणे.

चेंबर म्युझिक म्हणजे काय, हे त्याने मला फार सोपं करून सांगितलं. तीन-चार वाद्यं, मोजकी माणसं, छोटी खोली. मधे काठी हलवणारा कोणी नाही. एकमेकांकडे बघून वाजवायचं. "पाश्चात्त्य लोक ते दिवानखान्यात वाजवत. आपल्याजवळ गोठा हाये, म्हनून आपन गोठ्यात वाजवतो," एवढं बोलून तो मोकळा.

त्याच्या रचना म्हणजे त्याच्या आजूबाजूचं जग. विहिरीवरची मोटर पकडते, खोकते, बंद पडते, पुन्हा पकडते, त्यावर एक. बीबी गावच्या बाजारात त्याने ऐकलेला कांद्याचा हर्रास, त्यात व्हायोलिन बोली लावतं आणि पियानो ती वाढवत नेतो. सोनाळ्याच्या मावशीवर एक आहे. मावशी बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून त्या रचनेत व्हायोलिनला कुठेही विश्रांती लिहिलेली नाही. व्हायोलिन वाजवणारी अश्विनी नांदुऱ्याला शाळेत शिकवते. ती म्हणते, "सर, मावशीनंतर माझा हात दोन दिवस बोलत नाही." तिसरा वादक गोपाल. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. सीझन नसला की दयारामकडे येतो, चहा मागतो, आणि असा काही सूर लावतो की आपल्याला आपलं लग्न आठवावं.

या रचना नागपूरला वाजल्या, पुण्यालाही वाजल्या. पुण्यात एक गृहस्थ म्हणाले, मातीचा गंध येतो. दयाराम मला म्हणाला, "ताई, मोटरीवरची रचना होती ती. डिझेलचा वास याले पाहिजे होता."

पण त्याचं दुखणं वेगळं होतं. प्रत्येक नवी रचना तो आधी आईला ऐकवायचा. झुंबरबाई मन लावून ऐकायची, मान डोलवायची, आणि शेवटी म्हणायची, "चांगलं हाये रे. पन हे काय हाये?"

मग दयाराम सांगायचा, माय, ही मोटर. माय, हा हर्रास. "हो का?" म्हणून ती उठायची, म्हशीला पाणी दाखवायची.

"सांगितल्यावर कोनालेही समजते," दयाराम मला म्हणाला होता. "एक तरी रचना अशी झाली पाहिजे ताई, का माय ईचारनारच नाही. मंग पुन्याचे लोक काही म्हनोत."

त्यासाठी त्याने लिहिली 'पात'.

निंदणाला, म्हणजे शेतातलं तण काढायला, बाया एका ओळीत बसतात. प्रत्येकीची एकेक पात, म्हणजे तिने निंदायचा पट्टा. सगळ्या एकदम सुरू करतात, कोणी भराभर पुढे जाते, कोणी मागे राहते. झुंबरबाई ऐन उमेदीत बायांच्या टोळीची मुकादमीण होती, आणि तिच्या टोळीचा दस्तूर असा, की जिची पात आधी सरली तिने घरची वाट धरायची नाही. मागे राहिलेलीच्या पातीला दुसऱ्या टोकाकडून बसायचं, निंदत तिच्याकडे यायचं. दोघींची गाठ पडली की सगळ्या मिळून उठायच्या. दयारामचं बालपण हे पाहत बांधावर गेलं.

रचना तशीच. तीन वाद्यं एकदम सुरू होतात, प्रत्येकाची आपली धून. पियानो संथ, खालच्या सुरांत, खुरपं ओल्या मातीत जावं तसा. व्हायोलिन चपळ. क्लॅरिनेट गप्पिष्ट, म्हणून मागे. व्हायोलिनची धून आधी संपते, मग ते क्लॅरिनेटची धून शेवटाकडून उलटी घेत येतं, आणि दोघं एका सुरावर भेटतात. त्यानंतर पियानो एकटाच एक झोकदार समाप्ती वाजवतो. ही समाप्ती दयारामची फार लाडकी होती. कलावंत आहे, टाळीची जागा ठेवणारच.

बाजाराचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी बाया कामाला जात नाहीत. झुंबरबाईने आपल्या जुन्या टोळीतल्या जमतील तेवढ्या आणल्या. दयारामने अश्विनीला आणि गोपालला बजावून ठेवलं होतं, नाव कोणी फोडायचं नाही.

"कायचं हाये आज?" झुंबरबाईने विचारलं.

"तू आयक तं आधी."

सुरू झालं. बाया पदर सावरून, तोंडं मिटून बसल्या, सरकारी माणूस आल्यावर बसतात तशा. मी दयारामची पाठ पाहत होते. ती बंडी घामाने चिकटली होती. मधेच क्लॅरिनेटने अशी काही ठसक्यात गप्पा मारल्यासारखी लकेर घेतली की माझ्या शेजारची एक म्हातारी खुदकन हसली आणि तिने जोरात टाळ्या पिटल्या.

आणि इथेच घोटाळा झाला. वरातीत कोणी खूश होऊन टाळ्या पिटल्या, की बँडवाल्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं असतं. गोपालचं उभं आयुष्य वरातीत गेलेलं. टाळ्या ऐकल्या, आणि डोळे मिटलेल्या गोपालने मोठ्या आनंदाने आपली धून पहिल्यापासून सुरू केली.

अश्विनी तोवर आपली धून संपवून उलटी फिरली होती. ती भेटीच्या सुरापर्यंत आली. गोपालचा पत्ता नाही. तो मागे, कुठल्या कुठे. बिचारीने व्हायोलिनचा गज हवेत धरला आणि दयारामकडे पाहिलं. रंगमंचावर असं झालं की माणूस एकच करतो, पुढचं वाक्य म्हणून मोकळा होतो. दयारामनेही तेच केलं. गोपाल वाजवत असतानाच आपली झोकदार समाप्ती सुरू केली.

"ए दयाराम!"

झुंबरबाई ताठ उभी होती.

"कोठी चाल्ला बे उठून? तो मांगं राह्यला न! त्याची पात कोन काढन, तुहा बाप?"

दयारामचे हात पट्ट्यांवर थिजले. म्हशीनेसुद्धा रवंथ थांबवला असावा. एकटा गोपाल डोळे मिटून आपला वाजवतोच आहे.

"लाग तिकून!" झुंबरबाईने हाताने दाखवलं. "अन् तू वं पोरी, काडी वर धरून काय उभी राह्यली? बस त्याच्यासंगं!"

नांदुऱ्याच्या शाळेत वर्गाला धाक दाखवणारी अश्विनी निमूट पुन्हा भिडली. दयारामने आपली लाडकी समाप्ती तिथेच टाकली आणि व्हायोलिनच्या जोडीने गोपालकडे निघाला. आता गोठ्यात कोणी प्रेक्षक राहिलं नव्हतं. "चाल वं, चाल," "आला, जवळ आला," "हात चालव न बाप्पा," असा बायांचा नुसता गलका. गोपालने एक डोळा उघडला, समोरून दोघांना येताना पाहिलं, आणि काय समजायचं ते समजला. तिघं एका सुरावर भेटले, आणि तो सूर त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

सूर संपला आणि सगळ्या बाया गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. लुगड्याचे ओचे झटकले. दयारामचा चेहरा उतरला.

"चाल्ल्या का तुम्ही?"

"मंग? पात सरली न," झुंबरबाई म्हणाली. "का अजून कोनाची उरली?"

दयाराम चष्मा काढून बंडीने पुसू लागला. तो बराच वेळ पुसत होता.

चहा झाला. झुंबरबाई जुन्या सवयीने सगळ्यांचा हिशेब घ्यायला बसली. "त्या पोरीचा हात चांगला चालते. दयाराम, तू मधीच उठाले पाहात होता, ते बरोबर नाही. अन् हा पिपानीवाला लय बोलते. माह्या टोळीत असता तं दुसऱ्या दिवशी बलावलाच नसता."

"काकी, टाळ्या वाजल्या तं मी काय करू?" गोपाल म्हणाला.

"टाळ्या वाजल्या तं मुंडी वर करून पाह्यनं, बाकीच्या बाया कोठी पोचल्या ते!"

संध्याकाळी दयाराम मला बसवर सोडायला आला. फाट्यावर उभं असताना मी विचारलं, आता पुण्याला 'पात' वाजवशील तेव्हा शेवट कसा ठेवणार? तुझी ती समाप्ती?

"ते काढून टाकली, ताई," तो म्हणाला. "गोपाल मांगं राह्यला, आम्ही वापस गेलो, ते सारं तसंच लिहून टाकलं. चहा पेता पेता." बस आली, माझी पिशवी त्याने आत चढवली, आणि खिडकीशी येऊन आवाज खाली आणला. "पन गोपालले सांगू नका बाप्पा. टाळ्या वाजल्या का तो आपोआप मांगं जाते. त्याले समजलं का हे आता लिहिलेलं हाये, तं पुढच्या खेपेले तो नेमका चुकन."