दारातल्या चपला

पत्नी गेल्यानंतर लोक मला श्रद्धा ठेवायला सांगत. मी मान हलवी. कशावर ठेवायची, ते कळत नव्हतं. आमच्या धम्मात मागणं मागायला देव नाही, आणि त्या दिवसांत त्रिशरण म्हणताना माझं लक्ष भलतीकडेच असे. नोकरी बावधनच्या एका कॉलेजात, ग्रंथालयात. चार वर्षांची यशोधरा दिवसभर मुळशीकडच्या आमच्या गावात, शोभाताईंच्या पाळणाघरात.

श्रावणातल्या एका दुपारी शोभाताईंचा फोन आला. "दादा, यशू दिसंना. निघा तुमी." मोटारसायकलवर असताना भीती वाटली, असं म्हणता येणार नाही. भाताची खाचरं तुडुंब भरलेली दिसत होती. पाळणाघरामागे ओढा आहे, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

गावात शिरलो, तर विहाराचं दार उघडं. एरवी ते संध्याकाळच्या वंदनेलाच उघडतं. त्या दुपारी पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. आत वस्तीतल्या बायका, आणि म्हाताऱ्या कौसाआजीच्या मांडीवर यशू, चिखलाचे पाय पदरात गुंडाळलेले.

"सोताच आली, हात जोडून बसली," कौसाआजी म्हणाली. "आमास्नी वाटलं, बाप मागनं येतुया. इचारलं तर म्हनती, आई हितंच हाय."

"आन् मला दटावलं की हिनं," वाचणारी बाई म्हणाली. "हळू वाच म्हनं, आई झोपलीय!"

बायका हसल्या, आणि मग एकेकीची नजर बुद्धमूर्तीकडे गेली. पत्नी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिचा फोटो तिथेच, मूर्तीच्या पायाशी ठेवला होता. त्यानंतर यशूने आईला कुठेच पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शोभाताई आल्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. ओढ्याच्या कडेने शोधत होत्या. यशूला पाहून त्या दारातच रडू लागल्या.

"आता रडून काय व्हायचंय? बाकीची पोरं कुनाच्या जिवावर टाकून आलीस?" कौसाआजीने विचारलं.

"जाऊबाई हाय तितं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी चपला बघितल्या, दादा. समद्या दारात हुत्या. पोरं बघितली न्हाईत."

विहारात अनवाणी जायचं, ही सवय यशूला आईने लावलेली. तिने चपला पाळणाघराच्या दारातच ठेवल्या होत्या.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅमेऱ्यांची चर्चा सुरू झाली. काहींनी मुलं काढून घेतली. मीही रजा टाकून यशूला घरी ठेवलं. ती खिडकीत बसून शोभाताईंची गाणी म्हणे. मी पुस्तक उघडून तसाच बसून राही. पत्नीच्या आजारपणात मी डॉक्टरांकडे सारखी हमी मागत असे, आणि ते चांगल्या मनाने देतही. शोभाताईंनी 'पुन्हा होणार नाही' असं एकदाही म्हटलं नव्हतं. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दाराला उंचावर कडी बसवून घेतली. विचार करताना मला त्यांचं तेच बोलणं पुन्हा पुन्हा आठवे.

रजा संपली, त्या सकाळी यशूला घेऊन गेलो. शोभाताई दारात उभ्या होत्या.

"मला वाटलं, तुमी काय येत न्हाई आता."

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्या दुपारी वाचन नसतं, तर यशू बंद दारावरून पुढे कुठे गेली असती, याचा विचार मी फार लांबवर नेत नाही. दार उघडं होतं. आत माणसं होती, आणि ओल्या पायांसाठी एकीचा पदर होता. त्या बायकांचे उपकार मी मनात धरून आहे. त्याला दुसरं नाव देण्याची मला गरज वाटत नाही. शरण जायचं तर आधी हमी हवी, अशी माझी समजूत होती. मी यशूचा हात शोभाताईंच्या हातात दिला, तेव्हा हमी कसलीच नव्हती. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी गाडी सुरू केली आणि कामावर गेलो.