खुंटीपर्यंत हात

पुंजणं रचताना माझे बाबा एकच शब्द बोलत: "दे." ते वर, मी खाली. कापून बांधलेल्या धानाच्या पेंढ्या मी खालून फेकायच्या आणि त्यांनी त्या वरच्या वर झेलून गोल रचत न्यायच्या, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर. मळणी होईपर्यंत महिना-दोन महिने धान त्या ढिगात राहायचं. अवकाळी पाऊस आला तरी आमच्या पुंजण्यात थेंब शिरत नसे. बाबांना हे ठाऊक होतं, म्हणून ते गावात जरा ताठ चालत. पेंढी नेमकी त्यांच्या छातीशी पोचवणारा हात माझा आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मीही. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या त्या शिवारात आम्हा बापलेकांचं जे बोलणं झालं ते बहुतेक एवढंच, दे आणि घ्या.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी बावीस-तेवीसचा होतो आणि अंगात नको तेवढी मस्ती होती. मार्गशीर्षातल्या एका सकाळी पुंजणं दोन पुरुष उंच गेलं होतं, पेंढ्या दवाने जड झाल्या होत्या, आणि बाजूच्या बांधीत कापणीला बायका होत्या. खरं सांगायचं तर त्या बायकांमुळेच मी दोन-दोन पेंढ्या जोडून फेकायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या वेळी उजव्या खांद्यात काहीतरी फाटलं. जुनं धोतर फाडताना येतो तसा आवाज मला आतून ऐकू आला. पेंढ्या माझ्याच डोक्यावर कोसळल्या, बायका हसल्या, आणि वरून बाबा म्हणाले, "दे." मी काही दिलं नाही. हात खांद्यापर्यंतसुद्धा उचलला जात नव्हता.

पुढचे चार दिवस गाव खांदा बघायला येत होतं. कुणी म्हणे शीर तुटली, कुणी म्हणे नस चढली, आणि प्रत्येकाचं बोट नेमकं दुखत्या जागी जाऊन टेकत असे. शेवटी जंगलाकडच्या वस्तीवरून मोडलेली हाडं बसवणारा एक गोंड म्हातारा बोलावला. त्याने डोळे मिटून खांदा चाचपला आणि उठून उभा राहिला. "हाड जाग्यावर हाये. अंदरची दोरी तुटली. हे माह्या कामाची गोष्ट नोहे," असं म्हणून तो चहाही न घेता गेला. त्या म्हाताऱ्याबद्दल मला अजून आदर वाटतो. पुढे आयुष्यात कितीतरी शिकलेली माणसं भेटली, पण आपलं काम नाही हे इतक्या लवकर ओळखणारा कुणी भेटला नाही.

गोंदियाच्या डॉक्टरनेही मग फार वेळ घेतला नाही. "नागपूर जाओ, यहाँ कुछ नहीं होगा," एवढंच म्हणाला. बाबा आणि मी गाडीने नागपूरला गेलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर हळू आवाजात बोलत. खांद्याचा स्नायू फाटलाय, असं त्यांनी सांगितलं. स्नायू हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दोन वाटा होत्या. एक, चिरून टाके घालायचे. हात बहुधा परत वर जाईल, पण क्वचित आखडूनही बसतो. दुसरी, काही न चिरता रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. "बोटं डोक्याच्या वर वीतभर गेली तर माझी गरज नाही," ते म्हणाले, "नाही गेली तर होळीच्या आत या. नंतर स्नायू आकसतो, टाका धरत नाही. मग मी काही करू शकणार नाही."

घरी आल्यावर मायने डोळ्यांना पदर लावला. तिचा सख्खा भाऊ पायाची जखम घेऊन असाच एका मोठ्या दवाखान्यात गेला होता आणि एका पायाने परत आला होता.

"चाकू लागला का माणूस आधा होऊन येते," ती म्हणाली.

"आधा त आताच होऊन बसला हाये," बाबा म्हणाले. "जेवते डाव्या हातानं. पेंढी का डाव्या हातानं फेकन?"

"नाई फेकली त नाई फेकली. पोरगा घरी त राहीन."

मी मधे बसून दोघांचं ऐकत होतो. मला सुरीची भीती वाटत होती, आणि न जायला मायच्या विरोधाची सबब आपल्याजवळ आहे याचं बरंही वाटत होतं. पण पुंजण्याखाली मी पुन्हा कधी उभा राहणार नाही, तिथे दुसरा कुणी उभा राहील आणि बाबा त्याला "दे" म्हणतील, या विचाराने जेवण जात नव्हतं.

शेवटी खुंटीवर ठरलं. ओसरीच्या भिंतीत बाबांचा दुपट्टा अडकवायची एक खुंटी होती, माझ्या डोक्याच्या बरोबर वीतभर वर. होळीच्या आत माझी बोटं तिला लागली तर नागपूर नाही. नाही लागली तर बाबा म्हणतील तसं. रोज सकाळी मी भिंतीशी उभा राहून बोटं मुंगीसारखी वर चालवी. जिथे थांबत तिथे माय गेरूने रेघ ओढी. ओढताना तिचे ओठ हलत; कुठल्या देवाला काय कबूल करत होती ते तिलाच माहीत. पौषात रेघा भराभर वर गेल्या. माघात त्या एकमेकींना चिकटू लागल्या. खुंटी अजून चार बोटं दूर होती आणि रेघ काही हलेना.

त्याच सुमाराला मायच्या मनाने घेतलं की माझा खांदा ओलीमुळे धरतोय. मी झोपत असे ती ओसरीची जमीन दर वर्षी गारठायची. मळणी झाली की आमच्याकडे बायका घरची जमीन उकरून नव्याने करतातच. मुरूम टाकायचा, माती टाकायची, चोपण्याने बडवायची, वरून शेण सारवायचं. यंदा तिने शेवटचं पुंजणं मळायच्या आधीच काम काढलं आणि मुरूमही जास्तीचा मागवला. उकरलेल्या घरात झोपणार कुठे म्हणून मला फुलचूरला थोरल्या बहिणीकडे आठ दिवस धाडून दिलं. बहिणीने मला खाऊ घालून घालून बोक्यासारखा गुबगुबीत केला. खांद्याचं मात्र तिथे काही केलं नाही, रोजची भिंतही झाली नाही.

परत आलो. ओसरी कोरडी, कडक आणि गुळगुळीत झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशी उभा राहिलो, बोटं चालवली, आणि बोटं खुंटीला लागली. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लागली. मायने गेरूची वाटी खाली ठेवली आणि रडायलाच लागली. मग तिने शेजारच्या चार घरी गूळ वाटला. मीही रडलो, लाजलो नाही. फुलचूरच्या जेवणाचा गुण आला, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

बाबा अंघोळ करून आले आणि दुपट्टा अडकवायला हात वर नेला. तीस वर्षं ते खुंटीकडे न बघता दुपट्टा अडकवत आले होते. त्या दिवशी हात खुंटीच्या वर कोऱ्या भिंतीवर आपटला आणि दुपट्टा खाली पडला. त्यांनी तो उचलला, खुंटीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "खऱ्यावर चाल," म्हणाले.

खळ्यावर शेवटचं एक पुंजणं मळायचं राहिलं होतं, पुरुषभर उंचीचं. ते वर चढले.

"दे."

मी एक पेंढी उचलली आणि फेकली. ती त्यांच्या पावलांपर्यंतही पोचली नाही. पुंजण्याच्या कुशीला लागून माझ्या अंगावर आली, आणि खांद्यात अशी कळ उठली की मी खाली बसलो. बाबा उतरून माझ्याजवळ बसले.

"हात नाई चढला बाबू. जमीन चढली हाये. चार बोटं."

मला आधी रागच आला. मायने मुद्दाम केलं असं वाटलं आणि मी तणतणत घरी गेलो. माय चुलीपाशी होती. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तिचं तोंड पाहिलं तेव्हा कळलं की हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आमच्या घरात सगळंच जमिनीपासून मोजायचं. जमीनच वर येईल हे कुणाला सुचणार? तिने फक्त माझ्या खांद्याला ऊब मिळावी म्हणून आठ दिवस मुरूम बडवला होता.

तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. लोखंडी सब्बल घेतली. ओसरीत भिंतीशी बसून ती आपलीच कडक, गुळगुळीत जमीन फोडू लागली. बाबा दारात उभे होते. मी म्हणालो, "राहू दे ना माय, कायले करतेस?" तिने ऐकलं नाही. जुनी काळी जमीन लागेपर्यंत खणलं, दोन पावलं मावतील एवढीच जागा, आणि हाताने माती बाहेर काढली.

"उभा राय," ती म्हणाली. "आता लाव हात."

मी उभा राहिलो. बोटं जुन्या रेघेवर जाऊन थांबली. खुंटी चार बोटं वर होती. मायने तिथे गेरूची रेघ ओढली, हात पुसले, आणि माझी पिशवी भरायला आत गेली. होळीला बारा दिवस होते. जिला चाकूचं नाव सहन होत नव्हतं, तिने माझं धोतर, सदरा आणि चिवड्याची पुरचुंडी पिशवीत भरली आणि बाबांना म्हणाली, "उद्याच्या गाडीनं घेऊन जा याले."

टाके धरले. हात सहा आठवडे बांधलेला होता आणि पुढे पावसाळाभर दुखत राहिला. पूर्वीसारखा कधी झाला नाही. दोन पेंढ्या जोडून फेकायची माझी हौस तर कायमची फिटली. पण पुढच्या मार्गशीर्षात मी पुंजण्याखाली उभा राहिलो. पहिली पेंढी बाबांना वाकून घ्यावी लागली. दुसरी छातीशी गेली. बाबांनी ती झेलून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवली आणि मग म्हणाले, "दे."

माय त्यानंतर दर वर्षी ओसरी करत राहिली. दर वर्षी जमीन थोडी वर येई, पण भिंतीजवळची ती दोन पावलांची जागा तिने कधी भरली नाही. आलेगेले तिथे ठेचकाळत. माझ्या लग्नानंतर सुनेने किती वेळा सांगितलं, पण माय म्हणे, राहू द्या. पुढे मी नोकरीला गोंदियाला राहायला गेलो. गावी आलो की हातपाय धुऊन आधी त्या खळग्यात उभा राही आणि हात वर करून खुंटीला लावी. माय येऊन मागे उभी राहायची. खुंटीकडे ती बघतही नसे. वाकून पाहायची ती माझ्या पायांकडे.