कळवणाऱ्याचा लॅपटॉप

दत्ता गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तेही दादरला मेथीची जुडी निवडताना. लालबागला त्याच्याच मजल्यावर राहणाऱ्या एक बाई भेटल्या. "तुमचे मित्र गेले ना... रविवारी," एवढंच म्हणाल्या. मी जुडी परत ठेवली आणि तसाच घरी आलो. दुःख नंतर झालं, आधी चक्क राग आला. परळच्या आमच्या चाळीत कुणी गेलं की सगळ्यांना कळवायचं काम वर्षानुवर्षं एकट्या दत्ताचं होतं. चाळ पुनर्विकासाला गेली, माणसं नालासोपाऱ्यापासून माझगावपर्यंत पांगली, तरी कुणाचं काही झालं की दोन तासांत प्रत्येकाच्या घरी निरोप पोचलेला असायचा. आता तोच गेला आणि कळवणारं कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. सुलभावहिनी शांत होत्या. त्यांना एकच घोर लागला होता. "भावजी, तेराव्याला चाळीतलं कोण आलं नाय, तर ह्यांना कसं वाटंल? सगळ्यांचे नंबर त्याच्यात आहेत," असं म्हणत त्यांनी टेबलाकडे बोट केलं. तिथे त्यांच्या मुलीने टाकून दिलेला जुना लॅपटॉप होता. दत्ताचा मोबाइल बटणांचा, त्यात जेमतेम दहा नावं. बाकीचं सगळं तो लॅपटॉपमधल्या यादीत बघून लावायचा. मी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा क्षणभर घुरघुरला आणि सगळं गप्प झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, बल्ब बदलतानाही शेजाऱ्याला हाक मारणारा. पण दत्ताला काम करताना बघत बसायची मला फार आवड. गिरणीत तो वायरमन होता. संपानंतर मिक्सर, रेडिओ, टीव्ही आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटर, जे समोर येईल ते उघडत राहिला. कुणी बिघडलेली वस्तू आणली की तो तिला आधी हातच लावायचा नाही. आणणाऱ्याला समोर बसवायचा आणि विचारायचा, "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलंस?" समोरचा म्हणायचा, काही नाही, आपोआप बंद पडलं. मग दत्ता हसायचा. "मशीन खोटं बोलत नाय रे. माणूस बोलतो." आणि खरोखर, चहा संपेपर्यंत पाणी सांडल्याची, पोराने आपटल्याची कबुली बाहेर यायचीच.

आता विचारायचं कुणाला? तरी त्याच्याच पद्धतीने सुरुवात केली. चार्जरचा दिवा बघितला, लागत होता. दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून बघितलं. बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, हे त्यानेच कधीतरी दाखवलं होतं. काही नाही. तीन दिवस मी रोज दुपारी जाऊन त्या डब्याशी झटत होतो आणि खरं सांगायचं तर त्यात रमलोही होतो. दत्ताला काय दिसलं असतं, हे शोधताना तो समोर बसल्यासारखं वाटत होतं. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचा प्रश्न मी मशीनला विचारत होतो. तो विचारायचा माणसाला.

"वहिनी, दत्ताने ह्याचं शेवटचं काय केलं होतं?"

त्या आठवत आठवत म्हणाल्या, "उघडूनच बसले होते की. चालू होत नाय म्हणून. खोडरबराने कायतरी घासत होते... मग म्हणाले, जरा पडतो. आणि मग छातीत..." मी लॅपटॉप उलटा केला. खालचं झाकण बघितलं तर त्याचे दोन स्क्रू अर्धवटच पिळलेले होते. झाकण उघडलं, आत एक खाच रिकामी. दत्ता खोडरबराने घासून साफ करायचा ती बोटभर लांबीची मेमरीची पट्टी तिथे असायला हवी होती. टेबल, खण, पलंगाखाली, सगळीकडे शोधली.

आणि मग मला दत्ताचे गिरणीतले किस्से आठवले. यंत्रात हात घालायच्या आधी दत्ता तिथला फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. हात आत असताना कुणी खटका ओढला तरी यंत्र सुरू होता कामा नये. काम संपेपर्यंत काढलेली वस्तू खिशाबाहेर यायची नाही. एकदा पठ्ठ्या फ्यूज घेऊनच घरी आला आणि तिकडे गिरणीतलं अख्खं खातं बंद. ह्या एका सवयीपायी तो मे महिन्यातही बनियनवर काम करायचा नाही, खिशाचा शर्ट हवाच. वहिनींना म्हटलं, "त्याचा त्या दिवशीचा शर्ट?" त्यांनी खुंटीकडे बघितलं. हॉस्पिटलने दिलेली पिशवी तिथे लटकत होती, तशीच, गाठ न सोडलेली. ती सोडायला त्यांना बराच वेळ लागला. शर्टाच्या खिशात, पेपरच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली ती पट्टी होती. वहिनी शर्ट मांडीवर घेऊन पहिल्यांदाच रडल्या. मीही रडलो.

पट्टी बसवली, लॅपटॉप सुरू झाला. पासवर्ड नव्हताच. यादी समोरच होती. प्रत्येक नावापुढे नंबर आणि त्यापुढे दत्ताची एक ओळ. 'दुपारी झोपतात, चारनंतर.' 'आधी मुलाला सांगावे, हिचं बीपी.' 'गावी असेल तर कळवू नये, धावत येईल, पाय मोडलाय.' मी माझं नाव शोधलं. 'अशोक. एकटा असतो. फोनवर सांगू नये, जाऊन सांगावे. चहा पिऊनच निघावे.' त्याने निरोप दिलेला प्रत्येक मृत्यू आठवत गेला. खरंच, प्रत्येक वेळी तो दारात उभा होता, आणि मला वाटायचं, जवळच राहतो म्हणून येतो.

दोन दिवस मी आणि वहिनींनी फोन केले, त्या त्या वेळा पाळून. शेवटी एक नाव राहिलं, मालनमावशी, पूर्वी आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहायच्या. आता शीव कोळीवाड्यात भाचीकडे असतात. फोन नव्हता, नुसता पत्ता. पुढे लिहिलं होतं, 'ऐकू कमी येतं. दार उघडत नाहीत. आधी माझं नाव सांगावं, मग उघडतात.'

मी गेलो. कडी वाजवली, आतून काही नाही. पुन्हा वाजवली. मग दाराला तोंड लावून जोरात म्हणालो, "मावशी, दत्ताने पाठवलंय."

आत चपला सरकल्या. कडी निघाली. मावशींनी मला नीट निरखलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघितलं.

"ये बाबा, आत ये," त्या म्हणाल्या. "आणि तो का नाही आला?"