पुढचं साल

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी त्यांचा संगणक लावला. घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघडलं, तर पडद्यावर आधी ठसठशीत साल उमटलं. कंपनी दरवेळी नव्या सॉफ्टवेअरला पुढच्या सालाचं नाव देऊन ते दिवाळीआधीच विकायला काढायची.

"अहो, ते साल उजाडू तरी द्या," आई म्हणायची.

"हातातलं जुनं वाटावं म्हणूनच तसं नाव ठेवतात गं," बाबा हसायचे, आणि घ्यायचेच.

शेवटचं घेतलं आणि डिसेंबरात ते गेले. आमच्याकडे ते साल आलं, संपलंही. बाबांनी मात्र ते फक्त या पडद्यावर पाहिलं. विक्रीची साधी युक्ती. तिच्यामुळे दोन महिने तरी ते त्यात बसून नकाशे काढत होते.

मी बंद करायला गेले. मागून आई म्हणाली, "राहू दे. त्यांचं ते साल अजून उजाडायचंय."