परसातल्या दोन हात जागेचा अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. समोर बसला आहात, तर ऐका.

नव्वदनंतरची वर्षं. नेरूळला आमचं रो-हाउस होतं, मागे छोटंसं परस. आई गेली तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी कराडहून इकडे आणलं. सगळी नोकरी तहसील कचेरीत कारकून म्हणून केलेला माणूस. इथे ना ओळख ना पाळख. पंधरा दिवस नुसते खिडकीशी बसून होते. मग एक दिवस कुदळ घेऊन परसात उतरले. अळू लावलं, मेथी लावली आणि भिंतीलगत घेवडा — आईने राखून ठेवलेल्या बियांचा. वेल चढला तसे त्याच्यापाशी खुर्ची टाकून बसायला लागले. पुटपुटायचे काहीतरी. स्वतःशी की तिच्याशी, मी कधी विचारलं नाही.

आता माझी अक्कल ऐका. आमचे नवे साहेब गोल्फचे वेडे. कँटीनमध्ये मी बोलून गेलो, मलाही आवड आहे, सर. आयुष्यात ती काठी हातात धरली नव्हती मी. साहेब खूश. म्हणाले, घरामागे जागा आहे ना, मग पटिंग ग्रीन करून घे — म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलायचा सराव करायची हिरवळ — रविवारी मी येत जाईन. प्रमोशनची यादी त्यांच्या हातात. नाही म्हणायची हिंमत होती का माझ्यात? कुठली.

खरं गवत वाढेपर्यंत थांबतो कोण? वाशीचा एक माणूस प्लास्टिकचं गवत अंथरून द्यायला तयार झाला. पण त्यासाठी अख्खं परस अर्धा फूट खणून खडी भरावी लागणार होती. म्हणजे घेवडा जाणार. अण्णांना सरळ सांगता आलं असतं, साहेबांसाठी करतोय. ते हो म्हणाले असते. तेच मला नको होतं, कळतंय का? हो म्हणताना त्यांचा चेहरा बघावा लागला असता.

म्हणून सगळं सोसायटीवर ढकललं. परसात भाजी लावायला मनाई झालीय, भिंतीत ओल जाते, नोटीस आलीय. अण्णा म्हणाले, "कागद दाखव."

झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून नोटीस टाइप केली, खाली सेक्रेटरीची सही ठोकली. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली, उलटीपालटी करून पाहिली आणि फायलीत लावून टाकली. वेलावरच्या वाळलेल्या शेंगा तेवढ्या तोडून घेतल्या, बी काढून डब्यात भरलं.

खडी आली, धुमसाने ठोकून बसवली. वर ते हिरवं चिकटवलं, बारीक वाळू झाडूने घासून घासून मुरवली. साहेब तीनदा आले. मग त्यांची बदली झाली. प्रमोशन मिळालं — हो, मिळालं ना.

मग उखडून का नाही टाकलं? तिथेच तर अडकलो. नोटीस मागे घेतली म्हणावं, तर अण्णा पेढे घेऊन सेक्रेटरीचे आभार मानायला निघाले असते. खोटं कबूल करावं, तर जीभ उचलत नव्हती. आणि तोवर अण्णांनी अर्ज करायला सुरुवात केली होती. फुलस्केप कागद, कोऱ्या पाकिटात बंद. स्वतः द्यायला मात्र गेले नाहीत. म्हणाले, "घर तुझ्या नावावर आहे, दिनकर. अर्ज तुझ्यामार्फतच जायला हवा." शंभर पानी वहीची त्यांनी पोचवही केली होती — तारीख, विषय, घेणाऱ्याची सही. मी वही आणि पाकीट ऑफिसला न्यायचो, सेक्रेटरीची सही करायचो आणि पाकीट टेबलाच्या खणात टाकायचो. न उघडता. दर तीन-चार महिन्यांनी एक. संध्याकाळी विचारायचे, काही उत्तर? मी म्हणायचो, कमिटीपुढे आहे. ते मान हलवायचे आणि पुन्हा खिडकीशी. त्या प्लास्टिकवर खुर्ची टाकून एकदाही बसले नाहीत. मला घरी जायचं टेन्शन यायला लागलं — माझ्याच घरी.

दोन वर्षांनी अण्णा गेले. तेरावा झाल्यावर मी तो खण उघडला आणि पाकिटं फोडली. सात होती.

अर्ज सेक्रेटरीच्या नावाने असतील, असं मी धरून चाललो होतो. नव्हते. सातही माझ्या नावाने होते. विषय: परसात दोन हात जागा मिळणेबाबत. पहिल्यात लिहिलं होतं, "नोटिशीवर जावक क्रमांक नाही, शिक्का नाही, हे पाहिले. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त वेलापुरती जागा मिळावी." शेवटचा अर्ज दोनच ओळींचा. "बी जुने होत चालले आहे. या मोसमात न पेरल्यास उगवणार नाही, तरी विचार व्हावा."

तो अर्ज चार महिने माझ्या खणात पडून होता. तेव्हा अण्णा होते. शेजारच्या खोलीत होते.

नंतर मी ते सगळं उखडलं. माती आणून टाकली, डब्यातलं बी पेरलं. एक दाणा उगवला नाही.

पोचवही माझ्याकडे आहे. सात तारखा, एकच विषय. सातही अर्ज मिळाले, असं तिच्यात लिहिलेलं आहे. सही माझ्या हातची.