घाटाची गाडी, सपाटीची गाडी

टायरअण्णा वऱ्हाडासोबत असोत की स्मशानातून परतत असोत, बसमध्ये चढण्याआधी वाकून चारी बाजूंनी चाकं बघत. मागं माणसं खोळंबत, कंडक्टर करवादे. अण्णांचं आपलं एकच, "स्वल्प थांबा, जीव काय दुकानात मिळतो?" चामराजपेटेत ते आमच्या शेजारी राहत आणि सरकारी बसडेपोत फोरमन होते. खरं नाव बायको घेत नसे, म्हणून ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

चीनच्या युद्धानंतर सरकारनं हात आखडता घेतला आणि डेपोला नवे टायर येईनात. मागणी केली की वरून उत्तर येई, आहे त्यात भागवा. मग अण्णा एका गाडीचे टायर काढून दुसरीला लावू लागले. बरे टायर घाटाच्या गाड्यांना, गुळगुळीत झालेले सपाटीच्या. "रोज सकाळी कुणाला मारायचं ते ठरवून येतो," असं एकदा आमच्या कट्ट्यावर म्हणाले. त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं.

त्यांची एकुलती लेक येलहंकाला दिलेली. ती बाळंतपणासाठी माहेरी यायची होती, सपाटीच्या गाडीनं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, आम्ही तिला अक्का म्हणत असू, माझ्यादेखत विषय काढला. "अहो, पोर दोन जिवांची आहे. उद्यापुरते बरे टायर तिच्या गाडीला लावा."

"घाटाच्या गाडीतपण लेकीबाळी असतात," अण्णा म्हणाले. अक्का रडायला लागली. सकाळी त्यांनी घाटाच्या गाडीचे पुढचे टायर काढून येलहंकाच्या गाडीला चढवले.

लेक सुखरूप आली. घाटाच्या गाडीचा पुढचा टायर उतारावर फुटला आणि माणसांनी भरलेली गाडी दरीत गेली.

चौकशीला आलेले साहेब समजुतीनं म्हणाले, "वरून पैसाच आला नाही, तुमचा काय दोष?"

"पैसा आला नाही, सरी, ते खरं. पण टायर मी बदलले."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. मला आजही संताप येतो तो वरच्यांचा. काटकसर त्यांनी केली, आणि कुणी जगायचं हे ठरवणं या भल्या माणसाच्या गळ्यात मारलं. अण्णांनी नोकरी सोडली. बसमध्ये तर ते पुन्हा चढलेच नाहीत, बाजारातसुद्धा चालत जात.

नातू गुटगुटीत होता, रांगत थेट त्यांच्याकडंच जाई. लेकीनं एकदा त्याला उचलून त्यांच्यापुढं धरलं. "अण्णा, एकदा तरी घ्या हो."

ते भिंतीपर्यंत मागं सरले. "नको ग, हात काळे आहेत माझे." डेपो सोडून तेव्हा वर्ष उलटलं होतं.