वहिनीने हसू नये म्हणून

सिनेमाच्या बाबतीत मी तोंडाळ माणूस आहे. नायक काळा चष्मा लावून संथ चालीने आला की मी चहाला उठतो. कोणी मेलं की व्हायोलिन वाजवून रडवणारा दिग्दर्शक मला बाळाला चिमटा काढणाऱ्या आगाऊ पाहुण्यासारखा वाटतो. उलट कॅमेरा एका जागी ठेवून एखादी बाई नुसती भाजी चिरताना दाखवली, तर मी त्यावर आठवडाभर बोलू शकतो, आणि बोलतोही. ठाण्याच्या आमच्या सिनेमा मंडळात मला त्यासाठीच मान आहे. ‘भिवंडीहून येतो, पण काय जाण आहे बघा,’ असं माझ्यामागे म्हणतात. त्यातला ‘पण’ मला कळतो. तरी ते ऐकून मी सुखावतो.

माझं सगळ्यात लाडकं मत असं, की पडद्यावरचा कष्टकरी हसला म्हणजे दिग्दर्शक घाबरला. तिकीट काढलेल्या लोकांचं मन दुखू नये म्हणून तो गरिबाला हसवतो. खरा कलावंत असं करत नाही. हे मी मंडळात कितीदा तरी ऐकवलंय.

घरी मात्र वहिनीचं राज्य. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कामतघरला आमचं घर आहे, खाली भावाचे कापड विणायचे लूम आणि वर आम्ही. वहिनीला गाणी लागतात, मारामारी लागते आणि शेवटी लग्न लागतं. खलनायक आपटला की ती टीव्हीसमोर टाळ्या पिटते. माझ्या आवडीचा एक सिनेमा तिने एकदा शेजारी बसून पाहिला. मधेच म्हणाली, “भावजी, तुमच्या पिक्चरमदी कुनी पोटभर जेवत न्हाय का?” मी तिला लांब शॉटचं महत्त्व समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि जाऊन भात लावला.

गेल्या वर्षी मंडळाच्या ओळखीचा एक दिग्दर्शक लूमवर सिनेमा काढायला जागा शोधत होता. मी लगेच आमचं घर पुढे केलं. भाऊ तयार झाला. वहिनी तर हरखूनच गेली. शूटिंगच्या दिवशी ती जरीची साडी नेसून, गळाभर सोनं घालून आणि गजरा माळून जिना उतरली. आमच्याकडच्या बायका सोन्याशिवाय चार लोकांत जात नाहीत. इथे तर कॅमेरा होता.

दिग्दर्शक बघायच्या आत मी तिला जिन्यावरच गाठलं. साडी बदलायला लावली, गजरा काढायला लावला, सोनं उतरवायला लावलं. मंगळसूत्र तेवढं राहू दिलं. नवा फ्रीज दिसत होता, त्यावर मी चादर टाकली. आणि तिला बजावलं, “सुताच्या कांड्या भरत बसायचं. खडखडाटात काही ऐकू येणार नाही, तेव्हा शेजारणीशी काय वाटेल ते बोल. फक्त हसायचं नाही.”

“बरं,” ती म्हणाली. गजरा मुठीत धरून परत वर गेली.

लूमवाल्यांच्या घरात मूल चालायला लागतं तसं ओठ वाचायला लागतं. मशीन चालू असताना कोणी ओरडत बसत नाही. समोरचा तोंड मोठं करून बोलतो आणि आपण डोळ्यांनी ऐकतो. जेवायला ये, सूत तुटलं, पाहुणे आलेत, सगळं असंच. ऐकू येणार नाही म्हणजे कोणाला कळणार नाही, असं त्या दिवशी मी बोलून गेलो. मी, याच घरात वाढलेला. मंडळातल्या माणसाने म्हणावं तसं म्हणून गेलो.

सिनेमा तयार झाला. एका रविवारी सकाळी मंडळात दाखवायचा ठरला, तेव्हा मी वहिनीला घेऊन गेलो. या वेळी तिने सोनं घातलंच, आणि मी काही बोललो नाही. तिला तिसऱ्या रांगेत बसवून मी पुढे दिग्दर्शकाशेजारी बसलो.

मध्यावर तो शॉट आला. वहिनी आणि शेजारीण समोरासमोर कांड्या भरताहेत. मागे लूमचा खडखडाट, दुसरं काही नाही. कॅमेरा हलत नाही. वहिनीचा चेहरा एवढा मोठा, आणि ओठ अगदी स्वच्छ.

शेजारीण म्हणत होती, “अशी काय बसलीस गो? सोनं कुठं गेलं?”

“भावजींनी काढाया लावलं. हसू पन नको म्हनले.”

“का?”

“त्यांना लाज वाटते आमची. त्या लोकांत उठबस हाय त्यांची.”

“मंग तू ऐकलंस?”

“लहान व्हते तवा माजाच पदर धरून चालायचे. आता न्हाय धरीत. मी तरी ऐकाया पायजे ना.”

आणि तिने मान खाली घातली. चेहऱ्यावर काही उरलं नाही. सभागृहात कोणीतरी हलकेच ‘वा’ म्हटलं.

मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. आयुष्यभर ज्या चेहऱ्यासाठी मी शब्द खर्च केले तसा चेहरा समोर होता, आणि तो मी केला होता.

नंतर चर्चा झाली. एक बाई म्हणाल्या, श्रमाने रिकामा झालेला इतका खरा चेहरा त्यांनी पडद्यावर पाहिला नव्हता. दुसऱ्यांनी विचारलं, त्या दोघी काय बोलत असतील? दिग्दर्शक हसून म्हणाला, “ते महत्त्वाचं नाही. पण हे तिथलेच आहेत, यांना विचारा.” माइक माझ्या हातात आला.

तेव्हा कुठे मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. वहिनी पदराने गळ्यातलं सोनं झाकून घेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

खरं सांगितलं असतं, तर सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली असती. मी म्हणालो, “काही विशेष नसावं. बाजाराचं, घरातलं.” लोकांनी माना डोलावल्या. मंडळात माझा मान होता तिथेच राहिला.

परतताना एसटी कशेळीच्या पुलावर अडकली. वहिनी खिडकीशी होती. खाडीकडे बघतच तिने विचारलं, “पिक्चर चांगला व्हता ना, भावजी? तुमाला कलतं त्यातलं.”

मला एकही मत सुचेना. “चांगला होता,” एवढंच म्हणालो.

“मी बोलत व्हते तवा...” ती थांबली. “तुमाला वाचता आलं का काय?”

आता तरी तिचा हात धरायला हवा होता. “नाही,” मी म्हणालो. “इतकी वर्षं झाली. आता कुठे जमतं मला.”

तिचा जीव भांड्यात पडला. चेहरा सैल झाला, आणि ती मोकळं हसली. पदर खांद्यावर नीट घेतला, सोनं पुन्हा वर दिसलं.

“बरं झालं,” ती म्हणाली, “सवय सुटली तुमची.”